डबल बेल

आमचा लॅपटॉप विसाव्या मिनिटाला मान टाकायचा. आधी स्क्रीनवरच्या मॅडम गोठायच्या, तोंड अर्धवट उघडं, हात हवेत. मग आवाज तुटायचा, स्क्रीन काळी व्हायची, आणि दोन-तीन सेकंदांनी ते यंत्र आपलं आपणच पुन्हा सुरू व्हायला लागायचं. समोरच्या खुर्चीत माझे वडील बसलेले असायचे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या ओठांवर एखादा शब्द यायच्या बेतात असायचा आणि तो तिथेच विरून जायचा.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. निम्मी नोकरी नाशिक-नांदगाव गाडीवर झाली. आवाज असा, की यांनी स्टँडवर गाडी पुकारली की बाहेर रसवंतीवर बसलेले लोक ग्लास टाकून पळत यायचे. घरातही ते त्याच आवाजात बोलत. मी शाळेत शिक्षिका म्हणून लागले त्या दिवसापासून त्यांनी मला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली, आणि रागावले की त्यातलं 'बाई' गळायचं. आई जाऊन सहा वर्षं झाली. लग्न मी केलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, जमलं नाही एवढंच. आडगाव नाक्याजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहतो आणि भांडतो. राग माझ्या नाकावर असतो. तो मला कुणाकडून मिळाला, हे आमच्या सोसायटीत कुणीही सांगेल.

मे महिन्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय दोन महिन्यांत काठीच्या आधाराने चालू लागला. हातात थोडी हालचाल आली. वाचा मात्र येईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. मी मान डोलावली, पण खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. जो माणूस पाणी मागायला जातो आणि 'बा, बा' करून थांबतो, त्याला आत सगळं लख्ख कळतंय हे मानणं जड जातं. मी त्यांच्याशी मोठ्यांदा, तोडून तोडून बोलायला लागले, पहिलीच्या वर्गाशी बोलावं तसं. कुणी भेटायला आलं की त्यांच्यादेखतच त्यांच्याबद्दल सांगायला लागले. ते भिंतीकडे बघत ऐकत बसायचे.

स्पीच थेरपीच्या मॅडम पुण्याच्या होत्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, आवाज मऊ, पण शिस्तीच्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहा ते पावणेअकरा, व्हिडिओ कॉलवर. माझी शाळा दुपारची, म्हणून वेळ जमत होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते वाया घालवू नका. फोनवर आम्ही दोनदा करून पाहिलं. चित्रं एवढीशी दिसायची, आप्पांना उजव्या बाजूचं नीट दिसतही नव्हतं, आणि डाव्या हाताने फोन धरताना ते दर वेळी कॉल बंद करून टाकत. मोठी स्क्रीन हवी होती. दवाखान्याच्या खर्चानंतर नवा लॅपटॉप त्या वर्षी शक्य नव्हता. म्हणून मेन रोडच्या मागच्या गल्लीतून, एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानातून, गणपतीच्या आधी मी जुना लॅपटॉप आणला. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर आणि डोळ्यांसमोर भिंग. त्याने मला तासभर तो चालवून दाखवला होता. हे मी पुढे विसरले, म्हणून आत्ताच नोंदवते.

दीड महिना तो लॅपटॉप गुणी बाळासारखा चालला. मॅडमनी आप्पांना आधी आकडे म्हणायला लावले, मग वार, मग आरती. पाठ असलेलं आधी येतं, त्या म्हणाल्या, कारण एक शब्द पुढच्याला ओढून आणतो. मग मीच सुचवलं की यांना आरतीपेक्षा गाडीचे थांबे जास्त पाठ असतील. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, चला. सप्टेंबर संपायच्या आत आप्पा अडखळत का होईना, नाशिक, आडगाव, दहावा मैल, ओझर इथपर्यंत येऊ लागले. आवाज खरखरीत, शब्द बोबडे, पण गाडी निघाली होती.

मी आनंदाने रडले तेव्हा मॅडमनी मला जमिनीवर आणलं. हे पाठांतर आहे, त्या म्हणाल्या. यांचा स्वतःचा शब्द वेगळा. काहीतरी हवंय म्हणून, कुणाला तरी सांगायचंय म्हणून जो येईल तो. त्या पहिल्या शब्दाची आपण वाट बघतोय. तेव्हापासून मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. 'पाणी' येईल की 'चहा' येईल, की 'मास्तरीण', असे अंदाज शाळेत पेपर तपासता तपासताही मनात चालायचे.

मग दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला आप्पांच्या तिकिटाच्या पेटीची पूजा होते. ती पेटी, तिकिटं टोचायचा पंच आणि जुनी शिट्टी. नोकरीत असताना ते आणि त्यांचे ड्रायव्हर पहाटे डेपोत जाऊन गाडी धुवायचे, झेंडूच्या माळा बांधायचे, आणि मग पुढचं झाकण उघडून इंजिनाला हळद-कुंकू लावायचे. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. हार सगळे गाडीच्या तोंडाला घालतात, ते मला म्हणाले होते, पर खरी पूजा इंजिनाची करायची, चालवतं ते. हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेतरी पडून राहिलं होतं. वेळेला आठवलं नाही.

त्या दसऱ्याला मी स्वयंपाकघरात पुरीचं पीठ मळत होते. बाहेर आले तर आप्पांनी पाट मांडला होता. एकट्याने, डाव्या हाताने. पेटी, पंच, शिट्टी आणि त्यांच्या शेजारी आमचा लॅपटॉप. त्याच्यावर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकवाने लाल केलेल्या अक्षतांची मूठभर रास. पण लॅपटॉप उलटा होता. झाकणाची बाजू खाली, रबरी पायांची बाजू वर.

या माणसाला आता यंत्राची सुलटी-उलटी बाजूही कळत नाही, हेच माझ्या मनात आलं. मी लॅपटॉप उचलला, सुलटा केला, फडक्याने पुसला, त्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि पाटावर पुन्हा ठेवला. आप्पा 'बा, बा' करत हात हलवत होते. मी म्हणाले, "असू दे आप्पा, चुकतं एखाद्या वेळी," आणि आत जाऊन पीठ मळता मळता रडले.

त्यानंतरच्या आठवड्यात लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला. आधी मला वाटलं वीज गेली. मग वाटलं चार्जर. शेजारच्यांचा चार्जर लावून पाहिला, त्यानेही तेच. मग भिंतीतल्या सॉकेटवर संशय घेतला आणि लॅपटॉप आतल्या खोलीत नेला. आप्पांनाही काठी, खुर्ची आणि पाण्याच्या तांब्यासकट आत नेलं. तिथेही विसाव्या मिनिटाला तो गेला. मी अँटिव्हायरस काढला, दुसरा घातला, तोही काढला. रविवारचा अख्खा दिवस बसून सिस्टीम नव्याने टाकली. सोमवारी प्रश्नपत्रिका टाइप केली, तीन तास तो सुतासारखा सरळ चालला. मंगळवारी मॅडम आल्या आणि विसाव्या मिनिटाला गोठल्या. दुसऱ्यांदा सुरू केला तर दहाच मिनिटं टिकला.

मग मी इंटरनेटवाल्यांशी भांडले. मग व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमला दोष दिला. लॅपटॉप खालून तवा तापल्यासारखा तापायचा, हे मला दिसत होतं. पण जुना माल आहे, तापणारच, असं मीच स्वतःला सांगून टाकलं होतं. कारण माझा निकाल आधीच लागला होता: दुकानदाराने मला फसवलं होतं.

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्या जिन्याने तणतणत वर गेले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर मी त्याला नको नको ते बोलले. आजारी माणसाच्या उपचाराचं यंत्र म्हणून सांगून नेलं होतं, तुम्हाला लाज कशी वाटली नाही, वगैरे. तो शांतपणे म्हणाला की ताई, ठेवून जा, उघडून बघतो, पंखा फिरतोय का ते आधी बघायला लागेल. मी म्हणाले, मुळीच नाही. तुम्ही उघडाल आणि आतला उरलासुरला चांगला भाग काढून घ्याल. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघते तसं त्याच्याकडे बघून मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि खाली उतरले. त्या दहा पायऱ्या उतरताना मला फार बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्यापायी आप्पांचे आणखी तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात एक नवीन रीत पडली. लॅपटॉप गेला की पुन्हा सुरू होऊन मॅडम दिसेपर्यंत पाच-सात मिनिटं लागायची. पहिल्या काही वेळा मी ती मिनिटं लॅपटॉपवर चिडण्यात घालवली. एका गुरुवारी आप्पांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा मी चिडणं सोडलं. काहीतरी करायचं म्हणून थांबे म्हणायला लागले, त्यांच्याच जुन्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवून. नाशिक. आडगाव. ओझर.

आप्पांनी डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर एकदा ठोकलं.

मला लगेच कळलं. कंडक्टरच्या पोरीला दुसरं काय कळणार? एक बेल म्हणजे गाडी थांबवा, दोन बेल म्हणजे सोडा. मी दहावा मैल गाळला होता. मी म्हणाले, बरं, दहावा मैल. त्यांनी दोनदा ठोकलं. गाडी पुढे निघाली. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, सोग्रस फाटा, चांदवड. मला हे सगळे थांबे लहानपणापासून येतात, पण क्रमाने म्हणताना मी हमखास घसरते. सोग्रस फाटा मी वडाळीभोईच्या आधी घेतला की टेबलावर एक बेल वाजायची, आणि आप्पा खांदे उडवत, घशातून ओढून काढत दुरुस्त करायचे: "व-डा-ळी." त्यांच्या चेहऱ्यावर मग तो जुना माज यायचा, सुट्टे पैसे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाकडे बघताना असायचा तो. पुढे पुढे मी मुद्दाम चुकायला लागले. मनमाडच्या आधी नांदगाव घेतलं तर त्यांनी टेबल असं बडवलं, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

तरीही हे सगळं पाठांतरच होतं, मला माहीत होतं. चूक दाखवली तरी शब्द यादीतलाच. आणि मॅडमच्या पाऊण तासातून दर वेळी पंधरा-वीस मिनिटं गळत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस मॅडमनी फोन केला. फार हळुवारपणे त्या म्हणाल्या की असं तुटक तुटक करून आप्पा थकतात, शब्द यायच्या क्षणी सगळं बंद पडतं, त्याने ते प्रयत्न करणंच सोडतील अशी त्यांना भीती वाटते. यंत्राची नीट सोय होईपर्यंत आपण थांबूया का? त्यांच्याकडे रांगेत दुसरेही पेशंट होते. मी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

फोन ठेवला तेव्हा आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना तोडून तोडून, मोठ्यांदा सांगायला गेले की मॅडम, सुट्टी, घेणार. त्यांनी तोंड फिरवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. तिथून आग्रा रोडवरच्या गाड्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून मी पुन्हा त्याच जिन्याने वर गेले. आता तणतण नव्हती. दुकानदाराने मला बघितलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि काहीही न विचारता हात पुढे केला. मी लॅपटॉप दिला. मी म्हणाले, मागच्या वेळी मी बोलले ते… तो म्हणाला, बसा ताई, आणि स्टूल पुढे सरकवलं.

त्याने लॅपटॉप सुरू करून कान लावला. मग मला म्हणाला, तुम्ही ऐका. मी ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. तेच तर, तो म्हणाला. पंखा फिरतच नाहीये. साधं टायपिंग करताना फार तापत नाही, म्हणून तग धरतो. व्हिडिओ सुरू झाला की आतला मेंदू तापतो, आणि जळण्यापेक्षा स्वतःच बंद पडतो. बिघाड नाही हा, जीव वाचवतोय तो. त्याने बंद करून तो उलटा केला, एकेक स्क्रू काढून एका वाटीत ठेवला आणि मागचा पत्रा उचलला.

पंख्याच्या पात्यांत वाळलेली झेंडूची पाकळी अडकली होती. तिच्या बाजूला, पात्याच्या आणि कडेच्या मधोमध, घट्ट रुतून बसलेले तांदळाचे तीन दाणे. लाल.

दुकानदाराने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्या दाण्यांकडे बघत होते. त्याने चिमट्याने ते एकेक करून बाहेर काढले, पाकळी काढली, मग ब्रशने झटकल्यावर आणखी दोन दाणे आणि थोडं कुंकू निघालं. मला वाटलं आता हा हसेल. त्याने खणातून कागदाचा एक चौकोन काढला, दाणे आणि पाकळी त्यावर घेतली आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली.

"पूजेचं दिसतंय," तो म्हणाला. "कचऱ्यात नको जायला."

मी विचारलं की हे आत गेलं कुठून. त्याने पत्रा पालथा करून दाखवला. खालच्या बाजूला लांबट फटींची जाळी होती. पंखा इथूनच हवा ओढतो, तो म्हणाला. सुलटा असताना काही जात नाही. कुणीतरी उलटा ठेवून वरून टाकलं असणार, आणि मग तो सुलटा करताना दाणे आतल्या आत घरंगळले. सुलटा मी केला होता. पण त्या क्षणी मला ते लागलं नाही. मी त्या जाळीकडे बघत होते आणि मला डेपो दिसत होता, पहाटेचा, ओला, गाडीचं पुढचं झाकण उघडलेलं.

घरी आले तेव्हा आप्पा गॅलरीतच होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, त्यावर लॅपटॉप सुरू करून ठेवला, आणि मग कडेला धरून हळूच थोडा कलता केला, जाळी त्यांच्याकडे. पंखा आता फिरत होता. बारीक घूं असा आवाज येत होता. शेजारी पुडी उघडून ठेवली. त्यांनी दाणे बघितले, पाकळी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा अपराधी झाला. तो मला बघवला नाही.

मी खाली त्यांच्या पायांशी बसले. मोठ्यांदा बोलले नाही, तोडून बोलले नाही. पूर्वी बोलायचे तशी बोलले. "आप्पा, तुम्ही तो मुद्दाम उलटा ठेवला होता ना? चुकून नाही."

त्यांनी मान हलवली. हो. डावा तळहात पुढे करून त्यांनी जाळीवर ठेवला आणि डोळे मिटले. मग ओठ मिटून, छातीतून, उभ्या गाडीचं इंजिन धडधडतं तसा आवाज काढला. पंख्याचा आवाज जिथून येतो ती बाजू त्यांनी कान लावून शोधली होती. झाकणाला सगळे हार घालतात. चालवतं ते खाली होतं.

आमच्या घरात यंत्राची खरी बाजू एका माणसाला कळली होती आणि ती कळली म्हणून मी त्याला वेडा ठरवलं होतं. दोन महिने. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि माझं चुकलं असं म्हणाले. हे वाक्य मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते, त्यांनाही ते नवीन असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ ठेवला. नंतर मी ते दाणे आणि पाकळी तिकिटाच्या पेटीत, पंचाच्या शेजारी ठेवून दिली.

शनिवारी दहा वाजता मॅडम आल्या. आप्पांना मी स्वच्छ शर्ट घातला होता. मॅडमना पंख्याची हकीकत सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या, की आप्पाही हसले, एका बाजूने वाकडं, पण हसले. मग काम सुरू झालं. चित्रं आली: कप, कुलूप, छत्री. आप्पा बघत होते, ओठ हलवत होते, काही जमत होतं, बरंचसं नाही. मी मागे पलंगावर बसून घड्याळाकडे बघत होते. पंधरा मिनिटं. अठरा. वीस.

मॅडम गोठल्या नाहीत. पंखा घुंघुं करत होता. एकवीस, बावीस. माझा जीव भांड्यात पडला. मी आप्पांकडे बघितलं. ते चित्राकडे बघत नव्हते. ते लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा लॅपटॉपकडे बघत होते, गाडी आपल्या थांब्यावर न थांबताच पुढे गेली की माणूस बघतो तसे. पंचविसाव्या मिनिटाला मॅडम त्यांना छत्री दाखवत असताना त्यांनी डावा हात पुढे केला आणि कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं.

स्क्रीन काळी झाली.

मी उठलेच. दोन महिन्यांचा राग तोंडाशी आला होता. किती भांडले, किती जिने चढले, कुणाकुणाची माफी मागितली, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने. मी तोंड उघडलं. आप्पांनी खुर्ची माझ्याकडे वळवली होती. त्यांनी टेबलावर दोनदा ठोकलं, टक टक, आणि माझ्याकडे बघत थांबले. मला काही कळेना. त्यांनी पुन्हा दोनदा ठोकलं. कपाळावर शीर उभी राहिली, ओठ आवळले गेले, मिटले, उघडले.

"म्हण," ते म्हणाले.

स्पष्ट. यादीतला नाही, चित्रातला नाही, कुणी पुढून ओढून आणलेला नाही. त्यांना हवं होतं म्हणून आलेला. त्यांना माझ्याकडून थांबे ऐकायचे होते. ती पाच-सात मिनिटं, जी मी दर वेळी वाया गेली म्हणून मोजत होते, ती त्यांना हवी होती, आणि मी यंत्र दुरुस्त करून ती बंद करून आले होते.

शेजारी माझा फोन वाजत होता, मॅडमचा असणार. मी तो उचलला नाही. मी त्यांच्यासमोर पलंगाच्या कडेला बसले आणि बोलायला गेले तर आता माझ्याच घशातून आवाज निघेना. आप्पा थांबले. त्यांना सवय होती. मग त्यांनी पुन्हा एकदा, जरा जोर देऊन, जुन्या हुकमी सुरात सांगितलं, "म्हण."

"नाशिक," मी म्हणाले. "आडगाव." शेवटचं अक्षर लांबवता येत नव्हतं. "ओझर."

आप्पांनी टेबलावर एकदा ठोकलं. दहावा मैल राहिला होता.